नव्या प्रॉडक्टचं ऑडिट कसं करावं : खान्देशातल्या कारखान्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

स्टॉक मोजणं, बँकेची जुळवणी, पगारपत्रक, जीएसटी ही कामं आर्टिकलशिपच्या (सीएच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या) पहिल्या वर्षातच हाताखालून जातात. कंपनी नवं प्रॉडक्ट कसं घडवते हे तपासायची वेळ आली की मात्र बरेच जण बिचकतात. व्हाउचर नाही, लेजर नाही, आणि समोर बसलेला इंजिनिअर त्या विषयात आपल्यापेक्षा कितीतरी पुढे. मग चेकलिस्ट काढायची, फाइलवर सह्या आहेत का ते बघायचं आणि निघायचं, एवढ्यावर काम उरकतं. या ऑडिटमध्ये तपासायचे असतात निर्णय. साच्याला पैसे देताना, ट्रायल पुरे म्हणताना, भाव जाहीर करताना कोणीतरी 'हो' म्हटलेलं असतं. तो हो कोणाचा, कोणत्या तारखेचा, आणि त्या दिवशी हातात पुरावा काय होता, हे शोधायचं. इंजिनिअरिंग न शिकलेल्या माणसालाही हे नीट जमतं, फक्त चिकाटी लागते.

उदाहरणासाठी जळगाव एमआयडीसीतली एक काल्पनिक कंपनी घेऊ. घरची कंपनी, ठिबकच्या नळ्या बनवणारी. यंदा तिने पातळ भिंतीची, स्वस्तातली नवी इनलाइन नळी (पाणी थेंबाथेंबाने सोडणारे ड्रिपर आतच बसवलेली) बाजारात आणली आहे. तुमच्या वाट्याला चटईचा कारखाना आला, डाळमिल आली किंवा नंदुरबारची मिरची पावडर आली, तरी पायऱ्या बहुतांश याच राहतात.

पायरी १ : ऑडिट कोणाला हवं आहे?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ प्रमाणे काही कंपन्यांना अंतर्गत ऑडिटर नेमावाच लागतो. सगळ्या लिस्टेड कंपन्या त्यात येतात. प्रायव्हेट कंपनीची मागच्या वर्षीची उलाढाल २०० कोटी किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बँकांचं कर्ज १०० कोटींच्या वर गेलं असेल, तर तीही येते. आपल्याकडचे बरेच कारखाने या मर्यादेच्या खाली आहेत. तिथे ऑडिट मागणारा वेगळाच असतो. कधी बँक, कधी मोठा ग्राहक, आणि अनेकदा पुण्याहून शिकून परतलेली पुढची पिढी. ज्याने बोलावलं त्याची काळजी नेमकी कशाची आहे, हे पहिल्या बैठकीतच विचारा. मुलगा म्हणेल, 'दर वर्षी दोन प्रॉडक्ट काढतो, चालतं एक.' वडील म्हणतील, 'खर्च कुठे जातो ते सांगा.' ही दोन वेगळी ऑडिट आहेत.

कंपनीकडे आयएसओ ९००१:२०१५ चं (गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) प्रमाणपत्र असेल तर तुमचा मापदंड आयता मिळतो. त्यातलं कलम ८.३ पूर्णपणे डिझाइन आणि डेव्हलपमेंटवर आहे : नियोजन, इनपुट, नियंत्रण, आउटपुट, बदल. ऑडिट कसं चालवावं यासाठी आयएसओ १९०११ वाचून जा. प्रमाणपत्र नसेल तर कंपनीने स्वतःसाठी ठरवलेले नियम हाच मापदंड, आणि नियमच नसतील तर तेच तुमचं पहिलं निरीक्षण.

व्याप्ती लिहिताना एक गोष्ट आग्रहाने घाला : कल्पनेपासून ते विक्रीनंतरच्या पहिल्या हंगामापर्यंत. बऱ्याच कंपन्यांत डेव्हलपमेंटची फाइल माल डिस्पॅच झाला की बंद होते. धोका खरा उघडा पडतो तो त्यानंतर.

पायरी २ : यादी त्यांच्याकडून घ्या, पण तपासा दुसरीकडून

मागच्या तीन वर्षांतल्या सगळ्या नव्या प्रॉडक्टची यादी मागा. चाललेली, न चाललेली, मध्येच सोडलेली, सगळी. डेव्हलपमेंट विभागाने दिलेली यादी वर्किंग पेपरला लावा आणि मग स्वतःची यादी बनवायला बसा. टूल रूममध्ये डाय आणि साच्यांचं रजिस्टर असतं. स्टोअरच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे आयटम कोड कधी उघडले ते दिसतं. गेटवर ट्रायलच्या मालाची चलानं असतात. लॅबमध्ये सॅम्पल नंबरचं रजिस्टर असतं. समजा, विभागाच्या यादीत सहा नावं आहेत आणि टूल रूममध्ये नऊ नव्या डाय आल्याची नोंद आहे, तर मधल्या तीन डायपासूनच सुरुवात करा. त्या का आल्या, कोणी मंजूर केल्या, आता कुठे आहेत?

सोडून दिलेल्या प्रॉडक्टकडे नवखे ऑडिटर बघतच नाहीत. मला मात्र ती यादी सगळ्यात मोलाची वाटते. एखादी कंपनी ट्रायलचा निकाल पाहून वेळेवर थांबली असेल, तर तिची प्रक्रिया जिवंत आहे. तीन वर्षांत एकही प्रॉडक्ट थांबवलेलं नसेल, तर तिथे तपासणीचे टप्पे नुसते कागदावर असण्याची शक्यता मोठी आहे.

पायरी ३ : एक प्रॉडक्ट निवडा आणि त्याच्यामागे शेवटपर्यंत चाला

दहा प्रॉडक्टच्या फाइली वरवर चाळण्यापेक्षा एकच पूर्ण धरावं. आपण ती पातळ नळी धरू.

पहिला प्रश्न : ही हवी, असं कोणी म्हटलं? डीलरच्या बैठकीत 'स्वस्तातली द्या' असं कोणीतरी बोललेलं असतं. ते बोलणं आणि लिखित इनपुट यांत मोठं अंतर आहे. इनपुटमध्ये नळीचा व्यास, भिंतीची जाडी, ताशी किती लिटर पाणी, किती दाबाला, कोणत्या पिकासाठी, कसल्या पाण्यावर आणि किती हंगाम टिकायला हवी, हे सगळं लागतं. इनलाइन ठिबकसाठी आयएस १३४८८ हे भारतीय मानक आहे, त्यातल्या अटी इनपुटमध्ये उतरल्या का ते बघा. माल बिघडला तर परिणाम काय होतील याचाही विचार इनपुटमध्येच व्हावा, असं आयएसओचं ८.३.३ सांगतं. आपल्या नळीच्या बाबतीत परिणाम म्हणजे ऐन उन्हाळ्यात केळीचा बाग सुकणं. ही ओळ फाइलमध्ये कुठे सापडते का, शोधा.

पुढे तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका, कारण कारखान्यात त्या सर्रास एकत्र केल्या जातात. आढावा म्हणजे टप्प्यावर थांबून, बसून केलेला विचार. पडताळणी म्हणजे ठरवलं तसं बनलं का : जाडी, दाब, प्रवाह, लॅबमधलं मोजमाप. आणि प्रमाणीकरण म्हणजे ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातात, त्याच्या शेतात ते चालतं का. लॅबचा रिपोर्ट दाखवून 'ट्रायल झाली' असं सांगितलं जातं तेव्हा तिसरी गोष्ट बहुधा झालेली नसते.

खान्देशात शेतावरच्या ट्रायलला हंगामाचा प्रश्न फार मोठा आहे. नळीची विक्री होते ती एप्रिल-मेपासून, मान्सूनपूर्व कापूस आणि मृगबागेच्या (पावसाच्या सुरुवातीला होणाऱ्या केळी लागवडीच्या) तयारीसाठी. त्या वेळी भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उन्हात पसरलेली काळी नळी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, नरम पडते, लांबते, सापासारखी वळते, जोडावरून निसटते. ट्रायलच्या तारखा डिसेंबर-जानेवारीच्या असतील, तर ती नळी ज्या परिस्थितीत विकली जाणार त्या परिस्थितीत तिला कोणी पाहिलेलंच नाही. रिपोर्ट कितीही देखणा असो, निरीक्षण लिहाच.

दुसरं, ट्रायल कोणाच्या शेतात? मालकाच्या मळ्यात किंवा डीलरच्या भावाच्या शेतात घेतलेली ट्रायल हमखास यशस्वी होते. तिथे फिल्टर वेळेवर धुतला जातो, ॲसिड ट्रीटमेंट होते, नळी फुगली की कंपनीचा माणूस तासाभरात हजर. रावेर-यावलमधला साधा शेतकरी बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर, वीज येईल तेव्हा रात्री मोटर चालवतो. क्षार साचून ड्रिपर बंद पडतात ते तिथे. ट्रायलच्या प्रत्येक प्लॉटसाठी गट नंबर, पाण्याचा तपासणी अहवाल, फिल्टरचा प्रकार आणि लावणीची तारीख मागा. चार प्लॉट एकाच विहिरीवर असतील तर पाण्याच्या दृष्टीने ती एकच ट्रायल झाली.

आकडे स्वतः एकदा करून बघा. पाणी सगळीकडे सारखं पडतं का, हे मोजायची साधी पद्धत आहे. अनेक ड्रिपरखाली भांडी ठेवून प्रवाह मोजायचा. सगळ्यात कमी आलेल्या पाव भागाची सरासरी काढायची, तिला एकूण सरासरीने भागायचं आणि १०० ने गुणायचं. १६ ड्रिपर मोजले, त्यांतल्या सगळ्यात कमी चारांची सरासरी ताशी १.६ लिटर आणि सोळांची २ लिटर आली, तर समानता ८० टक्के. रिपोर्टमध्ये ९५ लिहिलं असेल आणि मूळ वहीतल्या नोंदींवरून ८० येत असेल, तर त्याचं उत्तर तिथेच, बसल्या बैठकीला मागा. आणि मूळ वही मागायचीच. टाइप केलेल्या तक्त्यावर समाधान मानू नका.

शक्य असेल तर एका प्लॉटवर जा. शेतकऱ्याला 'नळी कशी आहे?' असं विचारलं की 'चांगली आहे साहेब' हेच उत्तर येतं, पाहुण्याला वाईट कोण सांगणार? त्याऐवजी विचारा, 'दादा, मे महिन्यात कितीदा जोड निसटले? पुढच्या वर्षी हीच घ्याल की जुनी?' मग तो बोलता होतो.

पायरी ४ : तारखा एका ओळीत मांडा

या सगळ्या ऑडिटमधून मला एकच कागद ठेवायला सांगितला, तर मी हा ठेवेन. फाइल, मेल, बिलं आणि रजिस्टरं यांतून तारखा काढून क्रमाने लिहा : साच्याची ऑर्डर, पहिला नमुना, लॅब रिपोर्ट, शेतातली ट्रायल सुरू आणि संपली ती तारीख, आयएसआय चिन्हाच्या परवान्यासाठी अर्ज, डीलरच्या स्कीमचं पत्रक, छापलेली प्राइस लिस्ट, पहिलं डिस्पॅच. समजा, एखाद्या प्रॉडक्टची ट्रायल १५ जूनला संपली आणि डीलरची स्कीम २ मार्चला छापली गेली, तर निर्णय ट्रायलच्या आधीच झाला होता. मग ट्रायल कशासाठी केली, हा प्रश्न कोणावर आरोप न करता विचारता येतो. तारखाच बोलतात.

घरच्या कंपनीत निर्णयाचा कागद बहुधा नसतो. 'शेठ बोलेल होते, म्हणून करून टाकलं,' असं फोरमन सांगतो आणि ते खरंही असतं. चहा घेताना, गाडीत, लग्नाच्या मांडवात ठरलेल्या गोष्टी असतात त्या. इथे नव्या ऑडिटरने 'मिनिट्स नाहीत' असं लिहून मोकळं होऊ नये. व्हॉट्सॲपवरचा मेसेज, फॉरवर्ड केलेला फोटो, ॲडव्हान्सचा चेक, हे सगळं पुरावा म्हणून धरता येतं, फक्त प्रत्येकाची तारीख आणि संदर्भ वर्किंग पेपरमध्ये बांधून ठेवा. शिफारस करताना भल्यामोठ्या मॅन्युअलची करू नका, ती पाळली जाणार नाही. एका पानाची निर्णय-नोंद पुरते : आज काय ठरलं, कशावरून ठरलं, काय अजून माहीत नाही, आणि कोणी ठरवलं. मोठ्या भाऊंना ही नोंद आवडते असाही अनुभव आहे, कारण पुढे प्रॉडक्ट बुडालं तर दोष एकट्यावर येत नाही.

पायरी ५ : नंतर झालेले बदल शोधा

मंजूर झालेलं प्रॉडक्ट आणि आज लाइनवर चालू असलेलं प्रॉडक्ट एकच आहे का? कलम ८.३.६ याच प्रश्नाचं आहे आणि सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. प्लास्टिकच्या दाण्याचा भाव वाढला की ग्रेड बदलतो, रिसायकल दाणा मिसळला जातो, ड्रिपर दुसऱ्या पुरवठादाराकडून येतो, लाइनचा वेग वाढवला जातो. यातलं प्रत्येक पाऊल खर्च वाचवण्यासाठी उचललेलं असतं, म्हणून ते खरेदी विभागात ठरतं आणि डेव्हलपमेंटला कळतही नाही.

तपासणी सोपी आहे. मंजूर बीओएम (कोणता कच्चा माल किती लागतो त्याची यादी) घ्या आणि तीन वेगवेगळ्या महिन्यांतल्या स्टोअरच्या इश्यू स्लिपा घ्या, एकमेकांशेजारी ठेवा. काळ्या नळीत काजळी असते ती उन्हापासून पॉलिथिनचं रक्षण करायला. तिचं प्रमाण साधारण २ ते ३ टक्के असावं लागतं आणि ती नीट मिसळलेली असावी लागते. मास्टरबॅचचा, म्हणजे काजळी मिसळलेल्या दाण्याचा, पुरवठादार बदलला असेल तर त्यानंतर काजळीची चाचणी पुन्हा झाली का? नसेल, तर आयएसआय चिन्ह लावलेल्या मालाबद्दल कंपनी जे वचन देते आहे त्याला आधार राहत नाही. अनुदानाच्या योजनेत माल विकायचा तर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) हेच चिन्ह लागतंच, म्हणजे हा प्रश्न थेट विक्रीवर येतो. मालकाला धोका समजावताना हा दुवा दाखवून द्या.

पायरी ६ : धोक्यांची यादी वाचा, मग तिच्यात काय नाही ते बघा

बऱ्याच कंपन्या एफएमईए (बिघाडाचे प्रकार आणि त्यांचे परिणाम यांचं विश्लेषण) नावाचा तक्ता करतात. १९४९ मध्ये अमेरिकी सैन्यदलाने ही पद्धत लिहून काढली आणि पुढे वाहन उद्योगाने ती उचलली. प्रत्येक बिघाडाला तीन गुण द्यायचे, १ ते १० मध्ये : परिणाम किती गंभीर, घडण्याची शक्यता किती, आणि आधी कळण्याची शक्यता किती कमी. तिन्हींचा गुणाकार करून प्राधान्य ठरवलं जातं. इथे एक सापळा आहे. गंभीरता ९, शक्यता २, न कळणं २ असलेल्या बिघाडाचा गुणाकार ३६ येतो. गंभीरता ४, शक्यता ४, न कळणं ३ असलेल्याचा ४८. ज्यात माणसाला इजा होऊ शकते तो ३६ चा धोका यादीत खाली जातो. वाहन उद्योगाने २०१९ च्या नव्या पद्धतीत नुसत्या गुणाकारावर विसंबणं सोडून दिलं ते यासाठीच. तुम्हीही गंभीरतेचा रकाना आधी वाचा.

तक्ता कोणी भरला ते विचारा. फिटर, सर्व्हिसवाला आणि डीलरकडचा माणूस त्या बैठकीत नसेल तर निम्मे बिघाड तिथे येणारच नाहीत. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात, हे एसी ऑफिसमध्ये बसून सुचत नाही.

तांत्रिक धोक्यांपलीकडचे धोके तक्त्यात क्वचितच असतात. डायची खुबी एकाच कारागिराला ठाऊक असते आणि तो सोडून गेला तर लाइन बंद. साचा बाहेरगावच्या टूल रूमने बनवलेला असतो आणि ड्रॉइंग कोणाच्या मालकीचं यावर एक ओळही लिहिलेली नसते. त्याच साच्यावर उद्या शेजारच्या कंपनीचा माल निघू शकतो. पेटंटचा मुद्दा तर हटकून निसटतो. पेटंट कायदा १९७० प्रमाणे शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्याआधीच कृषी प्रदर्शनात स्टॉल लावून नवा ड्रिपर सगळ्यांना उलगडून दाखवला, तर तो नवेपणा जाऊ शकतो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सवलत आहे, गावोगावच्या प्रदर्शनांना ती सरसकट लागू नाही. म्हणून पायरी ४ च्या तारखांत प्रदर्शनाची आणि अर्जाची तारीखही घाला. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष डिझाइनसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो, हे डेव्हलपमेंटच्या माणसांना माहीत आहे का, एवढं विचारून घ्या.

पैशाच्या बाजूने थोडक्यात. लेखा मानक २६ प्रमाणे संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफ्या-तोट्यात जातो. डेव्हलपमेंटचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवायचा तर अटी पूर्ण व्हाव्या लागतात : तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पुरं करायचा इरादा आहे, विकता येईल, खर्च नीट मोजता येतो, वगैरे. सोडून दिलेल्या प्रॉडक्टचा खर्च अजून 'विकासाधीन मालमत्ता' म्हणून ताळेबंदात बसला आहे का, ते पायरी २ च्या यादीवरून लगेच कळतं.

खाण्याच्या वस्तूंचं थोडं वेगळं

केळी वेफर्स किंवा मिरची पावडर असेल तर हंगामाइतकाच टिकण्याच्या मुदतीचा प्रश्न येतो. पाकिटावर 'सहा महिने' छापलं आहे आणि पहिला नमुना बनून चारच महिने झाले आहेत, तर ही मुदत आली कुठून? जास्त तापमानात ठेवून लवकर निकाल काढण्याच्या चाचण्या असतात आणि त्या चालतात, पण त्यांचा अहवाल हवा. वेफर्सचं तेल खवट होतं, आणि मे महिन्यात ट्रकमध्ये दुपारी उभं राहिलेलं पाकीट लॅबच्या कपाटातल्या पाकिटासारखं वागत नाही. मिरचीत बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन आणि बंदी असलेले रंग, या दोन चाचण्या दर लॉटला होतात की फक्त परवान्याच्या वेळी झाल्या, हे बघा.

पायरी ७ : निरीक्षण लिहिणं आणि पुन्हा जाणं

निरीक्षणात काय दिसलं, काय असायला हवं होतं, का घडलं आणि त्याने काय होऊ शकतं, हे चारही यावं. उदाहरणार्थ : 'पातळ नळीच्या चारही ट्रायल डिसेंबर ते फेब्रुवारीत झाल्या. कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीत विक्रीच्या हंगामातली ट्रायल आवश्यक आहे. डीलर स्कीम २ मार्चला जाहीर झाल्याने मे महिन्यापर्यंत थांबता आलं नाही. उन्हाळ्यात जोड निसटण्याचं प्रमाण किती, हे कंपनीला माहीत नसताना माल विकला गेला.' माणसाचं नाव नको, विशेषणं नकोत. मसुदा आधी डेव्हलपमेंट प्रमुखाला दाखवा. त्याने एखादी वस्तुस्थिती दुरुस्त केली तर आभार मानून बदला. व्यवस्थापनाच्या उत्तरात 'लक्ष देऊ' चालत नाही, कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहून घ्या.

पुन्हा जायची तारीख हंगाम बघून ठरवा. नळीसाठी जुलै-ऑगस्ट योग्य, तोवर उन्हाळा झालेला असतो. तक्रार रजिस्टर उघडाल तेव्हा ते जवळपास कोरं दिसलं तर लगेच समाधान मानू नका. आपल्याकडे शेतकरी डीलरशी भांडतो, डीलर सेल्समनला फोन करतो आणि प्रकरण दोन बंडल बदलून मिटतं, रजिस्टरपर्यंत येतच नाही. म्हणून मे ते ऑगस्टमधल्या क्रेडिट नोटा आणि बिनपैशाच्या मालाची चलानं काढा, त्यांतला पातळ नळीचा माल वेगळा करा आणि तालुक्याप्रमाणे मांडा. एकाच तालुक्यात गर्दी दिसली तर तिथल्या पाण्याचा अहवाल मागवा, आणि तिथे ट्रायलचा एक तरी प्लॉट होता का ते पायरी ३ च्या कागदांत बघा.